लेकीसारखी आहेस, मग पैसे कसले?

रविवारी धरणगावात एका लग्नघरी माझी कॉलर फाटली. भांडण पैशांवरून झालं... आणि पैसे माझे नव्हतेच.

आमच्या पिंप्राळ्यात एक लहानसं पार्लर आहे. ते चालवणारीला सगळे मॅडम म्हणतात, मीही चिडवायला तेच म्हणतो. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडून मी मामाच्या मोबाईलच्या दुकानात बसतो आणि लग्नसराईत तिची नवरीची ऑर्डर असली की तिला स्कूटीवर घेऊन जातो. का नेतो ते मित्रांना माहीत आहे... कमेंटमध्ये चावटपणा नको.

तिच्या पप्पांनी साफ सांगून ठेवलंय. दुकानाचं भाडं पार्लरमधूनच निघालं पाहिजे. एक महिना जरी चुकला तर शटर खाली आणि सुरतचं स्थळ पक्कं.

म्हणून कोणी तिचे पैसे बुडवले की माझं डोकं फिरतं. लोकांना वाटतं, एवढ्याशा रकमेसाठी हा काय तमाशा... मला तिथे सुरतची गाडी दिसते.

आणि बुडवणारे थोडे आहेत का? मागे धुळ्याच्या एका ताईंनी 'आधी ट्रायल करून दाखव' म्हणत पूर्ण मेकअप करून घेतला, हेअरस्टाईलसकट. संध्याकाळी त्यांचं स्टेटस बघतो तर काय... साखरपुडा! त्याच मेकअपवर! पैसे मागितले तर म्हणे, "ट्रायलचे कुठे पैसे असतात का गं?"

तर रविवारी. ऑर्डर फक्त नवरीची होती. पण "हिला जरा टचअप कर, माझी साडी नीट बसव" करता करता अर्धं घर तिच्यापुढे बसून गेलं. पहाटेपासून ती उभी होती, पोटात एक कप चहा. मी ओट्यावर बसून नुसता धुमसत होतो.

नवरी खरंच सुंदर दिसत होती. सगळे फोटो काढायला धावले. मॅडमने पेटी आवरली आणि ज्यांनी ऑर्डर दिली होती त्या नवरीच्या काकूंना हळूच विचारलं, "काकू, पेमेंट?"

काकू आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. हळदीकुंकू लावलं, ओटी भरली... ब्लाऊज पीस, नारळ, मूठभर तांदूळ. वर गोड आवाजात म्हणाल्या, "आम्ही तुला लेक मानलं गं. आता लेकीला कोणी पैसे देतं का? घरचीच तर आहेस."

माझा ताबा सुटला. दारातूनच ओरडलो, "काकू, नारळ फोडून दुकानाचं भाडं भरायचं का तिने?"

झालं. पाहुणे वळून बघायला लागले. नवरीच्या एका चुलतभावाने माझी कॉलर धरली. "ए हिरो, आवाज खाली. तू कोण लागतो रे हिचा?"

उत्तर होतं माझ्याकडे. पण जे तिलाच कधी सांगितलं नाही, ते याला काय सांगणार... मी त्याचा हात झटकला. तेवढ्यात टर्रकन कॉलर फाटली.

"ड्रायव्हर आहे माझा. सोडा त्याला." मॅडम म्हणाली.

खरं सांगतो, त्याने कानाखाली मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

पण ती माझ्याकडे बघतही नव्हती. पदराची ओटी नीट सावरून ती काकूंच्या शेजारी गादीवर मांडी घालून बसली. म्हणाली, "लेक मानलंत ना काकू? मग माझंही लग्न बाकीच आहे. लेकीचं लग्न आईबापच करतात. मांडव आहे, भटजी आहेत, सोनं तेवढं काढा. बोलणी आत्ताच करून टाकू."

आधी एक मावशी फिसकन हसली आणि सगळ्या बायका सुटल्या. नवरीसुद्धा हसली. काकूंचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला.

कोपऱ्यात नवरीची आजी बसली होती, सगळे तिला अक्का म्हणत होते. ती हसली नाही. काकूंकडे, म्हणजे आपल्या सुनेकडे, बघून अहिराणीत म्हणाली, "लेक शे ना तुनी? मंग लेकले रिकामी धाडस का? दी टाक तिना बठ्ठा पैसा." म्हणजे, लेकीला रिकाम्या हाताने पाठवतेस का, तिचे सगळे पैसे देऊन टाक.

काकूंनी मुकाट फोन काढला. मॅडमने स्कॅनर पुढे केला आणि शांतपणे म्हणाली, "टचअपचे वेगळे, काकू." तेही आले.

परत येताना पाळधीला चहाला थांबलो. तिने मला झापलंच. "तू अजून एक वाक्य बोलला असतास ना, तर पैसेही गेले असते आणि पुढच्या ऑर्डरीही. तिथे चार बायका माझं काम बघत होत्या." मग घरी फोन लावला. "पप्पा, या महिन्याचं भाडं निघालं." एवढंच बोलली आणि पदराने डोळे टिपले. मी दुसरीकडे बघत बसलो.

तरी माझा राग गेलेला नाही. डीजेवाल्याला कोणी भाऊ मानून फुकट वाजवायला लावत नाही, आचाऱ्याला कोणी नारळावर परत पाठवत नाही. मग दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या मुलीने स्वतःच्या हक्काच्या पैशांसाठी स्वतःच्याच लग्नाची थट्टा का करायची? ती हसून बोलली म्हणून तुम्ही हसलात... तिच्यासाठी तो विनोद नव्हता.

अक्का, तुम्ही फेसबुकवर नसाल, पण तुमचे उपकार विसरणार नाही. आणि बाकीच्यांना एकच सांगणं... लेक म्हणा, बहीण म्हणा, घरची म्हणा. आधी स्कॅन करा, मग नातं जोडा.