न दिलेली गोळी

सिंधूताई टॅबशी भांडायच्या. "उगड रे मेल्या, पेशंट खोळंबलाय!" हे बोईसरच्या आमच्या अख्ख्या हॉस्पिटलला ऐकू जाई. नवापूरच्या कोळीवाड्यातला आवाज तो, भिंती काय अडवणार! मी तिथे नवखी नर्स. इंजेक्शन द्यायला मला त्यांनीच शिकवलं, आणि ओरडा खायलाही.

औषधांच्या नोंदींत कुणी मागाहून फेरफार करू नये म्हणून हॉस्पिटलने ब्लॉकचेन आणलं. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला साखळीसारखी जोडलेली, तिच्या प्रती वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर. चूक सुधारायची तर खाली नवी नोंद; जुनी जागची हलत नाही. "म्हंजे आता लपवाछपवी नाय," ताई हसल्या होत्या. पण तो टॅब इतका रेंगाळायचा की आम्ही सगळ्याच फेरीआधी सगळ्या खाटांपुढे 'दिली' अशी खूण करून मोकळ्या व्हायचो. गोळ्या मग वाटायच्या.

त्या दुपारी ताईंच्या खुणा झाल्या आणि कारखान्यात भाजलेला एक माणूस आला. त्या तिकडे धावल्या. वॉर्डात आधीपासून असलेल्या सरावलीच्या एका कामगाराची फिटची गोळी राहून गेली. पुढच्या पाळीने 'दिली' वाचलं. संध्याकाळी त्याला फिट आली, खाटेवरून पडला, डोक्याला मार लागला आणि गेला बिचारा.

"पेशंटने गोळी थुंकली, अशी नोंद टाका. निवृत्ती तोंडावर आलीय तुमची," मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनाही ताईंची कणवच होती.

ताईंनी मला विचारलं, "खोटं लिवलं तर ते पन असंच कायमचं राहील ना गो?"

"हो, ताई."

"मंग नको. मेलेल्या मानसावर नको."

त्यांनी लिहिलं: गोळी दिली नाही. न देताच मी 'दिली' लिहिलं. चूक माझी.

नोकरी गेली. अन्नावरची वासनाही गेली. "मी मारला गो त्याला," एवढंच घोकायच्या. मी पुष्कळ समजावलं, पण कुठलं काय!

शेवटच्या दिवशी फाटकाशी त्या कामगाराची बायको उभी होती. आता ही शिव्यांची लाखोली वाहणार, म्हणून मी ताईंच्या पुढे झाले. पण ती हळूच म्हणाली, "सिस्टर, घर में सब बोल रहे थे, उसी ने दवा फेंकी होगी. आपने सच लिखा." आणि ताईंच्या पाया पडायला वाकली.

ताईंनी झटकन पाय मागे घेतले. "नको गो बाय, माज्या पाया नको पडू!" म्हणत तिथेच मातीत बसल्या आणि तोंड हातांत लपवून हमसाहमशी रडल्या.

ती गेल्यावर मला म्हणाल्या, "दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं गो."