शनिवारची चूक

ठरवून, वार नेमून आणि इतक्या मेहनतीने चुकणारा माणूस अख्ख्या मावळात दुसरा झाला नाही. आमच्या शेजारच्या अण्णांना हे ऐकून अभिमानच वाटला असता. मुंबईच्या एका शेटजींच्या लोणावळ्यातल्या बंगल्याचे ते कारभारी. शेटजी उन्हाळ्यात महिना-दीड महिना येत. उरलेलं वर्षभर त्या बंगल्याच्या ओसरीवर अण्णांची शाळा भरे. विद्यार्थी तीन, तिघंही त्यांचीच: थोरली यमू आणि तिच्या पाठचे दोघे भाऊ. ही घरची शाळा निघायला कारण कोण, तर मी. आता या वयात लपवून काय करायचं?

मी तेव्हा साताऱ्याकडून नुकताच बदलून गावातल्या शाळेत मास्तर म्हणून आलो होतो. अंगात नव्या नोकरीचा ताठा आणि हातात छडी. भूगोलाच्या तासाला मी ठणकावून सांगितलं, "इंद्रायणी आळंदीला उगम पावते." दहा-अकरा वर्षांची यमू उठून उभी राहिली. "गुरुजी, चूक. ती इथे जवळच, आमच्या कुरवंड्याला उगवते. मी पाहिलीय." पोरं फिदीफिदी हसली. माझा पारा चढला आणि मी तिच्या तळहातावर छडी ओढली. एकच, पण सणसणीत. दुसऱ्या दिवशी अण्णा शाळेत हजर. मला वाटलं, आता रामायण होणार. छे! शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मारलंत त्याचं काही नाही, पोरं मार खातातच. पण बरोबर सांगितल्याबद्दल मारलंत. आता बरोबर असेल तर गप्प बसावं, हे ती शिकून आली. ते विसरवायला मला चार-पाच वर्षं तरी लागतील." आणि तिन्ही मुलांची नावं काढून ते चालते झाले.

घरची शाळा म्हणजे लाडाकोडाचा कारभार असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने ती एकदा बघायला हवी होती. सोमवारी गणित, तेही पाटीवर नाही. बंगल्याच्या पायऱ्या, छपराची कौलं, जांभळीवरचे बगळे, जे दिसेल ते मोजायचं आणि तोंडी गुणायचं. गुरुवारी शेटजींना खुशालीचं पत्र तिघांनीही लिहायचं आणि त्यातलं सर्वांत चांगलं टपालात पडायचं. एकदा धाकट्याचं गेलं. त्यात 'छप्पर ठीक आहे, पण तुम्ही दिवाणखान्यातलं एकही पुस्तक उघडलेलं दिसत नाही, पानं अजून चिकटलेली आहेत' असं होतं, आणि शेटजींचं उत्तर चार महिने आलं नाही. वाचनाचे वार मात्र अण्णांच्या बायकोकडे, म्हणजे आमच्या वहिनींकडे. त्या जात्यावर दळायला बसत आणि मुलांनी समोर उभं राहून मोठ्याने वाचायचं. जात्याच्या घरघरीवर आवाज चढलाच पाहिजे, ही अट. वहिनींना स्वतःला अक्षरओळख बेताची, पण कान तयार. आवाज जरा बुडाला की जातं थांबे. "नाही ऐकू आलं. पहिल्यापासून." घरी पाहुणे येणार म्हटलं की पोरं पसार व्हायला बघत, कारण पाहुणे म्हणजे जास्त पीठ आणि पीठ म्हणजे जास्त वाचन. दळण उरकलं की अण्णा ओसरीवरून हाक देत, "सरू, चहा टाक!" त्या काळी नवऱ्याने बायकोला चारचौघांत नावाने हाक मारायची म्हणजे आळीला आठवडाभर पुरेल एवढा मालमसाला. वहिनी लाजून लालबुंद होत. चहा मात्र लगेच येई.

आणि मग शनिवार. शनिवारी अण्णा सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दर चार वाक्यांत एक धडधडीत चूक बोलत. तोंड इतकं गंभीर की देवालाही शंका येऊ नये. मुलांनी ती चूक पकडायची, मोठ्याने "चूक!" म्हणायचं आणि हात पुढे करायचा, की अण्णा खिशातून गूळ-शेंगदाण्यांच्या गुडदाणीचा तुकडा काढून तळहातावर ठेवत. कुरवंड्याची दूधवाली मावशी तर या शनिवारांना कंटाळलीच होती. उंबऱ्यात चरवी ठेवून आधी विचारायची, "आन्ना, आज शनवार हाय न्हवं? मग उद्या दूद नगं म्हनलात, त्ये खरं का खोटं?"

हेडमास्तरांनी मुलांना परत आणायला मलाच पाठवलं. माझं नशीब असं की तो नेमका शनिवार होता. अण्णांनी आदराने बसायला पाट दिला, आणि मुलांकडे वळून म्हणाले, "इंद्रायणी आळंदीला उगम पावते." तिघं एका सुरात ओरडली, "चूक!" माझे कान तापले. तरी पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेलो, आणि नंतर जातच राहिलो. मुलांना परत आणणं राहिलं बाजूलाच.

हे सगळं चाललं तोवर गमतीचं होतं. यमू पंधरा वर्षांची झाली आणि वहिनींचे भाऊ कामशेतहून आले. भाताचे व्यापारी, बोलायला एक घाव दोन तुकडे. "व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेला बसव. पास झाली तर खुशाल मास्तरीण होऊ दे. नाही झाली, तर मार्गशीर्षात मी आणलेल्या स्थळाला द्यायची. कबूल?" अण्णांनी यमूकडे पाहिलं. ती म्हणाली, "कबूल." त्या दिवसापासून ते घर दात-ओठ खाऊन कामाला लागलं. वहिनी तर दळण संपल्यावर रिकामं जातं फिरवत बसायच्या, पोरीचा धडा पुरा व्हावा म्हणून.

तोंडी परीक्षा पुण्याला, आणि वार नेमका शनिवार. माझ्या शाळेची मुलं घेऊन मी गेलोच होतो, परीक्षेच्या वर्गाच्या दारात उभा होतो. अण्णा बाहेर लिंबाखाली येरझारा घालत होते. परीक्षक जाडजूड मिशांचे, घाईतले. त्यांनी यमूला विचारलं, "साडेतेरा पायल्यांचे शेर किती?"

"चोपन्न."

"बावन्न," परीक्षक म्हणाले आणि लेखणी उचलली.

"चूक!" यमू खणखणीत ओरडली, जात्यावर चढणाऱ्या त्याच आवाजात, आणि तिने हात पुढे केला. मला तो तळहात दिसत होता. चार वर्षांपूर्वी त्याच्यावर छडी ओढणारा मीच होतो. परीक्षक ओठांतल्या ओठांत 'पायलीचे चार शेर' असं पुटपुटले, बोटं मोजली आणि म्हणाले, "अर्धी पायली राहिलीच की. चोपन्न. पण बाळ, हात कशाला पुढे केलास?"

"गुडदाणीसाठी," यमू म्हणाली, आणि मग तिलाच कळलं आपण कुठे आहोत. परीक्षक मिशांसकट हसले. मी बाहेर धावलो, अण्णांच्या खिशातून विचारल्याशिवाय गुडदाणी काढली आणि ती बाहेर येताच तिच्या तळहातावर ठेवली. "यमू, इंद्रायणी कुरवंड्यालाच उगवते गं," मी म्हणालो. एवढं एक वाक्य बोलायला मला चार वर्षं लागली होती.

यमू पास झाली. मामांनी स्वतः पेढे वाटले. पुढे ती तळेगावच्या मुलींच्या शाळेत मुख्य बाई झाली आणि रोज गाडीने ये-जा करू लागली.

वहिनी गेल्या त्याला दोन वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी मी ओसरीवर अण्णांपाशी बसलो होतो. यमू नुकतीच शाळेतून आली होती. अण्णा म्हणाले, "गुरुजी, इंद्रायणी आळंदीलाच उगवते ना?" चेहरा नेहमीसारखा गंभीर नव्हता, नुसता गोंधळलेला होता. "चूक, अण्णा!" यमूने हात पुढे केला. अण्णा खुलले, खिसा चाचपून त्यांनी तुकडा काढून दिला.

मी हळूच म्हणालो, "यमू, आज बुधवार आहे."

"असू दे, गुरुजी. आमच्याकडे आता सगळेच वार शनिवार."

तेवढ्यात अण्णांनी तिच्याकडे पाहून हाक दिली, "सरू, चहा टाक!"

मी 'चूक!' ऐकायची वाट बघत राहिलो. माझी चूक पकडणारी, भर परीक्षेत परीक्षकाची पकडणारी यमू नुसती उठली. "टाकते," म्हणाली आणि आत गेली. मीही गप्प बसलो. आतून स्टोव्हचा आवाज आला, आणि अण्णांनी पुन्हा खिसा चाचपून गुडदाणीचा शेवटचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.