चावीवाल्याला न सांगितलेलं वाक्य

बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे एक खोली होती, जेमतेम दोन खुर्च्या मावतील एवढी. तिथे बसून ती दिवसभर माइकवर सांगायची, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली रद्द झाली, कुणाचं पोर हरवलंय आणि ते चौकशीपाशी बसून बिस्किट खातंय. आवाज लहानपणापासून खणखणीत. चर्चच्या तरुण संघातली मुलं तिला भोंगा म्हणायची आणि ती बिनदिक्कत ओ द्यायची. आई कुरकुरायची, की हिचा आवाज ऐकूनच स्थळं दारातून परत फिरतात. उपासनेत ती शास्त्रपाठ वाचायला उभी राहिली की मागच्या बाकावर डुलक्या घेणारेही ताठ बसायचे.

कामात तिची एक खोड होती. गाडी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती 'लागली' म्हणायची नाही. नोकरीला नवीन असताना कुणाच्या तरी सांगण्यावर तिने एक गाडी लागल्याचं जाहीर केलं होतं. माणसं सामानसुमान उचलून पळत सुटली आणि फलाट रिकामा होता. त्या धावपळीत एक म्हातारी आपटली. तेव्हापासून ती आधी उठून काचेतून बघायची, मगच बटण दाबायची. ड्रायव्हर तिची टिंगल करायचे. ती हसून सोडून द्यायची.

मग साथ आली, गाड्या बंद झाल्या आणि स्थानकाला कुलूप लागलं.

तरुण संघाचा पुढारी शाळेत गणित शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरने पोरापोरींना गोळा केलं. कुणी घरोघर किराणा पोचवायला लागलं, कुणी औषधं आणायला, कुणी चर्चच्या हॉलमध्ये मोठाली पातेली चढवायला. डबा कुणाकडे चाललाय, त्या घरात कुठला देव आहे, हे कोणी विचारत नव्हतं. पण सगळ्यात अवघड काम इस्पितळात निघालं. आत नातेवाइकांना मज्जाव होता. ती माणसं फाटकाला धरून उभी असायची, नाहीतर घरी फोनकडे बघत बसायची. नर्सना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, त्या फोन कधी करणार? तेव्हा डॉक्टरांनीच मास्तरला गळ घातली. इस्पितळाच्या सायकल स्टँडच्या पत्र्याखाली दोन टेबलं टाकली. आतून एक नर्स यायची, लांब उभी राहून कोण कसं आहे ते सांगायची, आणि ही मुलं घरोघर फोन लावायची. ताप उतरला. आज चहा घेतला. तुमची आठवण काढली.

आणि मग ते दुसरे फोन, माणूस गेल्याचे. ते करायला कोणी धजेना. एका मुलीने फोन लावला, पलीकडून 'हॅलो' आलं, आणि हिच्या तोंडून शब्दच फुटेना. शेवटी सगळ्यांच्या नजरा भोंग्याकडे वळल्या. तिचा आवाज हलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मास्तरने एक वाक्य ठरवून दिलं होतं. बातमी सांगून झाली की म्हणायचं, 'शांतपणे गेले.' सगळे ते म्हणायचे. तिला ते म्हणवेना. मास्तरने तिला बाजूला घेऊन समजावलं, की घरच्यांना तेवढाच आधार असतो, यात आपलं काय जातं?

"मी आत गेलेले नाही, मास्तर. मी बघितलेलं नाही."

"बघितलं तर कोणीच नाही."

"मग कसं म्हणू?"

मास्तर चांगला माणूस होता. त्याने ताणलं नाही. तिने आपली पद्धत ठेवली. नाव सांगायची, वेळ सांगायची, आणि पलीकडचं माणूस आपणहून फोन ठेवीपर्यंत कानाला फोन लावून बसायची. कुणी रडायचं, कुणी तिलाच शिव्या घालायचं, कुणी एकदम किराणा संपल्याचं बोलायला लागायचं. ती सगळं ऐकून घ्यायची.

एक फोन मात्र तिच्या डोक्यातून कधी गेला नाही. एका माणसाची बायको गेली होती. हिने नुसतं 'हॅलो' म्हणून नाव विचारलं, तर तो खुलला. म्हणाला, तुम्ही स्टँडवरच्या ना? गाड्या सांगणाऱ्या? अहो, माझा ठेला तिथेच तर आहे, दिवसभर तुमच्याच आवाजात माझं काम चालतं. घरातलंच कुणी भेटावं तसा तो बोलत होता. तिने त्याचं बोलणं संपू दिलं. मग सांगितलं. पलीकडे कुठेतरी नळ चालू होता, तो तसाच वाहत राहिला. बऱ्याच वेळाने तो 'बरं' म्हणाला आणि फोन बंद झाला.

साथ ओसरली. स्थानक पुन्हा उघडलं. पहिल्या दिवशी तिने बटण दाबलं, गाडीचं नाव घेतलं, आणि काचेपलीकडे फलाटावर चाललेली एक बाई पिशवी छातीशी धरून जागीच थबकली. गाडी सुटली तरी ती बाई तिथेच. असं रोज काहीतरी घडायला लागलं. कुणी खांबावरच्या भोंग्याकडे मान वर करून बघत राहायचं, कुणी कानावर हात ठेवायचं. आणि तिचंही तेच. खिडकीशी कुणी विचारायचं, गाडी कधी आहे हो, आणि ती उत्तर द्यायचंच विसरायची. हा आवाज तिने ऐकलेला असायचा, पत्र्याखाली, फोनवर. चेहरा अनोळखी आणि आवाज मात्र अगदी ओळखीचा. स्थानकप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. तक्रार नाही म्हणाले, पण दोघं-चौघं येऊन गेले, दुसरं कुणी माइकवर बसवता येईल का, म्हणून. हे सांगताना ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. पार्सलच्या खोलीत जागा होती. तिने विचार करते म्हणून सांगितलं.

घरी ती कुजबुजल्यासारखी बोलायला लागली. आई म्हणायची, अगं, मोठ्याने बोल की, तोंड आलंय का तुला? कपडे धुताना, भाजी चिरताना तिला कानात स्पष्ट 'हॅलो' ऐकू यायचं, कधी बाईचं, कधी पुरुषाचं. ती हातातलं काम टाकून उभी राहायची, पण पुढे कोणी काही बोलायचं नाही.

त्यातच तिच्या ध्यानात आलं, की कुंपणाला लागून चावीवाल्याचा ठेला आहे आणि तिथे चावी घासायचं यंत्र सारखं किरकिरत असतं. ती माइकवर बोलायला लागली की ते यंत्र थांबतं. बोलणं संपलं की पुन्हा सुरू. आधी तिला वाटलं, योगायोग असेल. मग दिवसभर ती कान देऊन बसली. यंत्र दर वेळी थांबत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती त्याच्याकडे गेली. डोक्यावर पांढरे केस, नाकावर चष्मा, बोटांना पितळेची पूड लागलेली.

"काका, तो फोन तुम्हालाच केला होता ना मी?"

त्याने मान वर केली नाही. हातातली चावी फडक्याने पुसली, स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि सांगायला लागला. त्याच्या शेजारी एक शिंपी राहतो. त्याचा तरणा मुलगा त्याच आठवड्यात, त्याच वॉर्डात गेला. शिंप्याला संघातल्याच कुणीतरी फोनवर सांगितलं होतं, शांतपणे गेला म्हणून. शिंपी तेवढं एक वाक्य धरून जगतोय. येईल जाईल त्याला ते ऐकवतो.

"मला तुम्ही तसं काही म्हणाला नाहीत, ताई. मी रोज तेच घोकतो. तुमचा आवाज आला की हात थांबतो माझा. हिचे असे काय हाल झाले असतील, की तुमच्याच्याने तेवढंही म्हणवलं नाही?"

ती स्टुलावर टेकली. आपण न बोललेली गोष्ट या माणसाच्या घरात वर्षभर वाढत राहिली, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. ते वाक्य जिभेच्या टोकाशी आलं. पण आता म्हटलं तर त्याला पटणार नव्हतं.

"मी आत गेलेच नव्हते, काका. बाहेर पत्र्याखाली बसून फोन करत होते. बघितलं नव्हतं, म्हणून म्हटलं नाही. दुसरं काही कारण नव्हतं."

"मग शिंप्याला ज्याने सांगितलं, त्याने बघितलं होतं?"

एक गिऱ्हाईक फाटकाची चावी घेऊन आलं. त्याला चावीवाल्याने संध्याकाळी यायला सांगितलं. मग बराच वेळ तो यंत्राच्या चाकावर अंगठा फिरवत राहिला.

"शिंप्याला हे कळता कामा नये," तो म्हणाला.

"नाही कळणार."

त्याच आठवड्यात तिने आतून खबर आणणाऱ्या त्या नर्सला गाठलं. निदान शेवटी कुणी जवळ होतं का, एवढं तरी कळावं म्हणून. नर्सने चावीवाल्याच्या बायकोचं नाव दोन-तीनदा पुटपुटून बघितलं. मग म्हणाली, की खरं सांगायचं तर त्या दिवसांतले सगळे चेहरे तिला आता एकसारखेच दिसतात, आणि कधीकधी बाजारात समोरून येतात. भोंग्याने तिचा हात हातात घेतला आणि पुढे काही विचारलं नाही. चावीवाल्याला तिने तेही जसंच्या तसं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

पुढे तिने पार्सलची खोली मागून घेतली. माइकवर आता मशीनमधल्या कुठल्याशा बाईचा आवाज लागतो.

वर्षाच्या शेवटी तरुण संघाने चर्चच्या आवारात सगळ्या गेलेल्यांसाठी प्रार्थना ठेवली. ज्याला यायचं त्याने यावं, कुठल्याही धर्माचा असो. खुर्च्या कमी पडल्या. पाळकांनी थोडकंच बोलून आटोपतं घेतलं, कारण ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. मास्तर पाणी वाटत फिरत होता. ती कडेला उभी होती, तेव्हा चावीवाला तिच्याकडे आला. सोबत एक वाकलेला माणूस होता. तो शिंपी होता. त्याने तिला हात जोडले आणि सांगायला लागला, की तुमच्यातल्या एका मुलाने फोन केला होता, माझा मुलगा शांतपणे गेला म्हणून. मग चावीवाल्याकडे वळून म्हणाला, "आणि तुमच्या घरची?"

"तीही," चावीवाला म्हणाला. "या ताईंनीच सांगितलं होतं मला."

तो तिच्याकडे बघत नव्हता. शिंपी मात्र बघत होता. त्याचे डोळे पाण्याने भरलेले होते आणि तो वाट बघत होता.

"हो," ती म्हणाली. "शांतपणे गेल्या."

शिंप्याला नीट ऐकू आलं नाही. त्याने हाताचा पंजा कानामागे धरला आणि पुढे वाकला. तेव्हा तिला ते पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने, आणि आसपासची बरीच माणसं वळून बघायला लागली.