पात्यावरचा अंगठा

माझ्या भाऊजींनी बारा वर्षं जपलेली गोष्ट मी एका दुपारी पाच मिनिटांत पुसून टाकली, आणि वर शाबासकीची वाट बघत बसले. शहाणपणाचा मक्ता मी लहानपणापासूनच घेतलेला आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. संग्रहालयाच्या तळघरात त्यांनी एकतीस वर्षं आफ्रिकेतली जुनी हत्यारं सांभाळली. रुंद तलवारी, खंजीर आणि फेकून मारायचे ते चमत्कारिक सुरे, ज्यांच्या एकाच दांड्याला तीन बाजूंनी पाती फुटलेली असतात. माणूस कधी तोंड उघडायचा नाही, म्हणून सगळे त्यांना ‘म्यान’ म्हणत. मला तिथे त्यांनीच चिकटवलं आणि पहिल्याच दिवशी दम भरला, "इथे भांडी घासायची नाहीत. लोखंडावरचा काळा थर म्हणजे त्याचं वय. तो गेला की गेला. काढायचा तो फक्त लाल गंज. आणि उघड्या बोटाने हात लावलास तर याद राख."

हातमोज्यांच्या बाबतीत त्यांच्याकडे दयामाया नव्हती. बोटांच्या घामात मीठ असतं. बोट टेकतं तेव्हा काही दिसत नाही, पण दोन-चार महिन्यांनी त्या जागी गंजाचा ठसा उमटतो, अगदी रेघ न् रेघ.

हा नियम मोडून सुटली ती एकटी ताई. बारा वर्षांपूर्वी एकदा भाऊजी चष्मा घरी विसरले, तो द्यायला ती आली. टेबलावरचा एक सुरा सरळ उघड्या हाताने उचलून म्हणाली, "अगं बाई, याने भाजी चिरायची तर तीन बायका लागतील!" मी तिथेच होते. भाऊजी ओरडतील म्हणून मी मान खाली घातली, तर ते चक्क हसत होते. सुरा कोणता, ते मात्र मी पाहिलं नाही. तसे सतरा सुरे होते आमच्याकडे, आणि ते सगळे भाऊजी स्वतःच सांभाळायचे.

त्याच वर्षी ताई गेली. साधा ताप म्हणता म्हणता आठव्या दिवशी सगळं संपलं. त्यानंतर भाऊजी घरी जायचे ते फक्त झोपायला.

यंदा वरून ठरलं की ही हत्यारं जिथून आली त्या मुलखात परत पाठवायची. ज्याचं त्याला, ठीकच झालं. भाऊजींची निवृत्तीही त्याच महिन्यात होती. पाठवण्याआधी तपासणी होणार होती आणि भाऊजींचे हात अलीकडे थरथरायला लागले होते. म्हणून ते जेवायला गेले की मी त्यांचं काम गुपचूप पुन्हा बघायचे.

सतराव्या सुऱ्यावर, मुठीच्या जरा वर, गंजाने उमटलेला अंगठ्याचा स्पष्ट ठसा दिसला. ठशाच्या मध्ये एक आडवी रेघ, आणि वर मेणाचा जाड लेप. माझ्या मनात आलं, चुकला म्हातारा. एकतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही जाता जाता. चारचौघांत त्यांची मान खाली जायला नको. मी स्पिरिटने मेण उतरवलं, तेलात बुडवलेल्या बारीकातल्या बारीक लोखंडी तारांच्या काथ्याने गंज काढला, काळ्या थराला धक्का न लावता. वर नवं मेण चढवलं.

भाऊजी आले आणि तोच सुरा घेऊन दिव्याखाली गेले. रोज जायचे, हे मला तेव्हा कळलं.

"इथे काही होतं?"

"गंज होता. काढला मी. कुणाला कळणार नाही, भाऊजी."

ते स्टुलावर बसले. "मध्ये रेघ होती ना?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. लहानपणी एका पत्र्याच्या डब्यावरून आम्ही बहिणी भांडलो होतो. झाकण मी ओढलं आणि ताईचा अंगठा आडवा कापला. वण कायमचा राहिला. आईला तिने सांगितलं, माझंच मला लागलं. मी तेव्हाही गप्प बसले होते.

"फोटो तरी असेल ना?" मी विचारलं.

"फोटो काढला असता तर नोंद करावी लागली असती. नोंद केली की वरचे साफ करा म्हणाले असते." सुरा दिव्याकडे वळवत म्हणाले, "म्हटलं होतं, जाऊ दे तिला या सुऱ्याबरोबर. तेवढंच काहीतरी कुठेतरी राहिलं असतं."

मी रडायला लागले. त्यांनी भिंग लावून ती जागा कितीतरी वेळ शोधली. सुरा आडवा धरला, तिरका धरला.

"हात चांगला बसलाय तुझा," ते म्हणाले. "खळगासुद्धा ठेवला नाहीस."

हे ऐकण्यासाठी मी इतकी वर्षं तिथे राबले होते.

मग स्वतःचे मोजे उतरवून म्हणाले, "मोजा काढ." माझा उजवा अंगठा त्यांनी भिंगाखाली धरला. सख्ख्या बहिणी, काहीतरी सारखं असेल असं त्यांना वाटलं असावं. मलाही वाटलं.

"नाही," ते म्हणाले, आणि माझा हात हळूच टेबलावर ठेवला.

मग त्यांनी पुन्हा मोजे चढवले आणि सुरा कागदात गुंडाळायला घेतला.