रिकामी कुंडी

गेरूचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. राजापेठच्या घरी तुळशीच्या लग्नाची तयारी चालली होती. मी शाळेतून शिकवून आले, तर अंगणात ओल्या गेरूनं रंगवलेली एक कुंडी आणि तिच्यात नवी तुळस. कुंडी माझी होती. तिच्यात मे फ्लॉवरचा कंद होता, नांदगाव खंडेश्वरच्या माहेरातून आईनं स्वतः उकरून दिलेला. हे झाड हिवाळ्यात पानं टाकून मातीखाली निजतं आणि वर्षातून एकदाच, मे महिन्यात, लाल चेंडूसारखं फुलतं. आई गेल्यावर तिच्या हातचं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. "मामाजी, यातला कंद कुठं आहे?" मी सासऱ्यांना विचारलं. "रिकामीच तर होती कुंडी. माती टाकली फाटकाबाहेर. काहून एवढी तापून राहिली?" मी रस्त्यावर बसून तो ढिगारा हातांनी उपसला, पण विटांचे तुकडे तेवढे सापडले. मग मे महिन्यात एका सकाळी मामाजींनी सगळ्यांना ओरडून फाटकाशी बोलावलं. त्याच ढिगाऱ्यातून लाल चेंडू वर आला होता. "पाहा, कोनी लावलं नाही, पानी देल्लं नाही, तरी फुललं!" मी म्हणाले, "हा माझ्या आईचा कंद आहे." "मंग? तू तर कुंडीत कोंडला होता. मोकळ्या मातीत मीच टाकला ना?" आता दर मे महिन्यात ते पाहुण्यांना फाटकाशी नेतात, "हे मी लावलं" म्हणून सांगतात, आणि त्या पाहुण्यांचा चहा मी करते.