पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ वर्षानुवर्षं पंधरा मिनिटं पुढं असायचं. कुणाला उशीर होऊ नये म्हणून वडिलांनी लावलेली शिस्त. फायदा शून्य, कारण जो तो मनातल्या मनात पंधरा वजा करून निवांत चहा पीत बसे. मला निवांत बसणं जमतच नाही. लोहारा एमआयडीसीतल्या कारखान्यात मी कामगारांच्या पाळ्यांच्या वेळा सांभाळणारा माणूस. घरी ती खोटी वेळ बघितली की डोकं फिरायचं. एका रविवारी संध्याकाळी स्टुलावर चढलो आणि काटे बरोबर लावले. घरात सांगायचं मात्र राहिलं. तेवढ्यात नळ आला, पाणी भरायचं होतं. मला सदा दुसरंच काहीतरी करायचं असतं.

सोमवारी आई मारेगावला मावशीकडे जाणार होती. मावशीला घशाचा कॅन्सर, तंबाखू-सुपारीचा खर्रा नडला. दुपारी बाराला तिला ऑपरेशनसाठी नागपूरला नेणार होते, आणि त्यानंतर तिचा आवाज कायमचा जाणार, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. आईला बहिणीसमोर बसून एकदा पोटभर बोलायचं होतं. मी पहाटेच कामावर गेलो. आईनं घड्याळ पाहिलं, सवयीनं पंधरा वजा केले, आणि ती स्टँडवर पोचली तेव्हा मारेगाववरून जाणारी वणीची बस निघून गेली होती.

कुणाच्या तरी फोनवरून तिनं मला कळवलं. सुटी टाकून धावत गेलो. पुढची बस दीड तासानं होती. तेवढ्यात चौकशीच्या खिडकीशी मी किती खेटे घातले! जीपवाल्यांच्या विनवण्या केल्या, एकही निघेना. आई बाकावर बसून होती.

"घड्याळ तं पुढंच राह्यते ना आपलं?"

"काल मी बरोबर केलं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

मी पुन्हा खिडकीकडे गेलो.

मारेगावला उतरलो तोवर मावशीची गाडी निघून गेली होती. मावसभावाला फोन लावून आईच्या कानाशी धरला. पलीकडून मावशीचा घोगरा आवाज आला, "जेवून निघाली का वं तू?" आईला हुंदका आवरेना. "बोल ना, लवकर बोल," मी तिच्यामागे लागलो. तेवढ्यात रेंज गेली. ऑपरेशन होईपर्यंत पुन्हा फोन लागलाच नाही.

मावशी आता बरी आहे, खुणांनी बोलते. आईनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त, हल्ली कुठं जायचं असलं की ती शेजारणीकडे जाऊन वेळ विचारून येते. मी घरात असलो तरी.