जानरावांची दाढ आणि अकरा व्हॉल्व

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या सरकीच्या तेलगिरणीत वाफेच्या लाइनीवर अकरा व्हॉल्व आहेत. त्यातला कोणता कधी दगा देणार, हे एकतीस वर्षं एकाच माणसाने सांगितलं, आणि तेही दातांनी. जानराव फिटर. बॉयलरच्या आवाजाने त्यांचे कान निम्मे गेलेले. पण दीड फुटी पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक बंद व्हॉल्ववर टेकवायचं, लाकडी मूठ उजव्या दाढेत धरायची आणि डोळे मिटायचे, की आत चोरून सुटणारी वाफ त्यांना थेट जबड्यात कळायची. "पंधरा दिवस चालन," म्हणायचे, आणि सोळाव्या दिवशी तो गळायचाच. मी तिथला बॉयलरवाला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस उपाशी आहे.

यंदा मालकांनी ज्योत्स्ना नावाची अमरावतीची इंजिनीअर आणली आणि तिच्यासोबत आवाज मोजायचं यंत्र. ते व्हॉल्वला टेकवलं की आकडा येतो. आकडा चढला की समजायचं, हा बिघडतोय. जुनी सासू नव्या मिक्सरकडे बघते तसं जानरावांनी त्याच्याकडे बघितलं.

नेमकी त्याच महिन्यात त्यांची दाढ ठणकायला लागली. त्यांच्या बायकोने, जाईबाईंनी, दातांच्या डॉक्टरची वेळ तीनदा घेतली आणि तिन्ही वेळा हे पळाले. लवंग धरायचे, गाल सुजला की मधमाशीवर ढकलायचे. मला एकदा म्हणाले, "शेखर, दाढ गेली त मी नुस्ता पान्हा धरणारा माणूस." मी चेष्टा करणार होतो. त्यांचं तोंड पाहिलं आणि लवंगेची पुडी पुढे केली.

मग सोमवारी कहर झाला. चार नंबरला पेचकस लावून जानरावांनी सांगितलं, आत ठकठक आहे, आठवड्यात जाईल. मंगळवारी पाच आणि सहा. बुधवारी तर अकराच्या अकरा मरणपंथाला. यंत्र म्हणत होतं, एकटा सात खराब, बाकी ठणठणीत. मॅनेजर डोक्याला हात लावून बसला. शेवटी वाफ बंद करून चार नंबर उघडला. आत साधा ओरखडाही नव्हता.

जानराव मटकन खाली बसले. मला फार वाईट वाटलं. ज्योत्स्नाने मोठ्या आवाजात विचारलं, ठकठक नेमकी कशी होते? त्यांनी पान्ह्याने फरशीवर ठोकून दाखवली. तिने त्यांचं दुसरं मनगट धरलं, क्षणभर मोजलं आणि ओठ चावला. नाडी आणि ठोका एकदमच पडत होते.

"काका, व्हॉल्व नाई. तुमची दाढ ठोकून राहिली."

सगळ्यात आधी जानरावच हसले, गाल धरून, कण्हत कण्हत. मग आम्ही असे हसलो की मॅनेजरला पाणी पाजावं लागलं. दुसऱ्या दिवशी दाढ निघाली, आणि सात नंबरही बदलला.

आठवड्याने ते आले. पेचकस डाव्या दाढेत धरला, डोळे मिटले आणि एकापासून सुरुवात केली. आम्ही मागे मागे, वरातीसारखे. आठपर्यंत काही बोलले नाहीत. नऊवर थांबले, फार वेळ थांबले, आणि डोळ्यांत पाणी आलं.

"बारीक फुसफुसून राहिला. तीन आठवडे."

ज्योत्स्नाने यंत्र लावलं. आकडा कालपेक्षा जरासा वर होता, आत्ताच चढायला लागलेला.

जानरावांनी तोंड पुसलं आणि मला जाईबाईंना फोन लावायला सांगितला. "डॉक्टरची येळ घे म्हना. डाव्या दाढेची. बिघडाच्या आंधी दाखवून ठेवतो."